गेले किती, आले किती

यवतमाळच्या माणसाने शिडाच्या होड्यांवर लेख लिहावा म्हणजे मालवणच्या माणसाने कापसाच्या बोंडअळीवर व्याख्यान देण्यातला प्रकार झाला. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, बंदर नाही. शिडाची होडी तर औषधालाही सापडायची नाही. जहाजाशी आमचे नाते जुळलेच तर ते सागवानापुरते. पण आमच्या रानातल्या सागाला आपले नातलग लाटांवर तरंगतात याची वार्ता असेलसे वाटत नाही. तरीही हा विषय मी धिटाईने हाती घेतला आहे, कारण तो मुळात समुद्राचा नाहीच. तो हजेरीपत्रकाचा आहे, आणि हजेरीपत्रकाच्या बाबतीत पंचवीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला कोणी अनधिकारी म्हणू शकणार नाही.

सेलिंग क्लब म्हणजे शिडाच्या होड्यांची हौस असणाऱ्या मंडळींचा अड्डा. सुटीच्या दिवशी तिथे शर्यती होतात. आता मौज अशी की प्रत्येकाला होडीत बसायचे असते, किनाऱ्यावर मागे राहायचे मात्र कोणालाच नसते. म्हणून जगातल्या बहुतेक क्लबांनी पाळीची युक्ती काढली. हंगामाच्या आरंभी यादी लागते. ज्या रविवारी ज्याचे नाव येईल त्याने त्या दिवशी आपली होडी बांधून ठेवायची आणि इतरांची राखण करायची. पगार नाही, बक्षीस नाही, टाळ्याही नाहीत. यायला जमणार नसेल तर बदली माणूसही त्यानेच शोधायचा. अशा माणसाला तिकडे ‘ड्यूटी ऑफिसर’ असे भारदस्त नाव आहे. आपण त्याला नुसते पाळीवाला म्हणू.

या पाळीवाल्याचा दिवस सर्वांच्या आधी उजाडतो. क्लबाचे कुलूप त्याने काढायचे. बचावाच्या मोटारबोटीत तेल आहे का, तिचे यंत्र सुरू होते का, बिनतारी संच बोलतो का, औषधांच्या पेटीत पट्ट्या आहेत की नुसत्या चिमट्या उरल्या आहेत, हे पाहायचे. मग हवामानाचा अंदाज वाचायचा आणि वाचून झाल्यावर बाहेर येऊन स्वतःच्या डोळ्यांनी आभाळ पाहायचे. वारा कोणीकडून आहे त्यावरून पाण्यात बोये टाकून शर्यतीची वाट आखायची, आणि वारा फिरला तर ती मुकाट्याने पुन्हा आखायची. पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव वहीत उतरवायचे. काही ठिकाणी वहीऐवजी खुंटीवर नंबरांचे बिल्ले असतात. जाताना बिल्ला न्यायचा, येताना परत टांगायचा. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत, तेव्हा आमच्या वाचकांना हा प्रकार परका वाटणार नाही. भूमिगत खाणीत उतरणारा कामगार दिवा घेतो तेव्हा त्याच्या नावाची नोंद होते, आणि पाळी सुटताना दिवा परत आला नाही तर माणूस वर आला नाही असे समजून शोध सुरू होतो.

शर्यत सोडणे हाही एक सोहळाच आहे. पाच मिनिटे उरली की एक निशाण चढते. चार मिनिटे उरली की निळ्यावर पांढरा चौकोन असलेले दुसरे चढते. एक मिनिट उरले की हे दुसरे उतरते, आणि पहिले उतरले की शर्यत सुटली. प्रत्येक वेळी तोफ, बंदूक किंवा भोंगा वाजतो. परंतु नियम असा आहे की वेळ निशाणावरून धरायची. बार फुसका निघाला तरी तक्रार चालत नाही. कारण सोपे आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून लांबच्या होडीला तो उशिरा ऐकू येतो, आणि निशाण मात्र सर्वांना एकाच क्षणी दिसते. न्याय करायचा तो कानापेक्षा डोळ्याने, हे इथे भौतिकशास्त्रानेच ठरवून टाकले आहे.

निशाणे आणखीही आहेत. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे चढले की शर्यत लांबणीवर. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे चढले की सुरू झालेली शर्यत रद्द. पिवळ्या-तांबड्या तिरप्या पट्ट्यांचे चढले की प्रत्येकाने तरंगण्याचे जाकीट अंगात घातलेच पाहिजे. मला या कापडांचे विशेष कौतुक वाटते ते असे, की आज पाण्यावर जायचे नाही हे सांगण्यासाठी त्या माणसाला वाद घालावा लागत नाही. तो दोरी ओढतो. खाली चाळीस माणसे कुरकुरत असतील, त्यांत त्याचा साहेब असेल, सासरा असेल. पण त्या दिवसापुरता तो सर्वांच्या वर असतो.

ही व्यवस्था एकदम जन्माला आली नाही. जगातला सर्वांत जुना म्हणून जो क्लब ओळखला जातो, तो आयर्लंडमधल्या कॉर्क शहराचा, १७२० चा. त्याच्या आरंभीच्या नियमांत शर्यतीचे प्रकरण नाहीच. आरमारासारखी रांग धरून फिरायचे आणि मग जेवायचे, असा खाक्या. जेवणासाठी मात्र नियम होता, की यजमानाने सामिष पदार्थ दोनांहून जास्त आणू नयेत. (दिवाळीच्या फराळालाही असा नियम कोणी करील तर आमच्या गृहिणी त्याला दुवा देतील.) शर्यती, तोफा, घड्याळे आणि पाळ्या हे सारे त्यानंतरचे. मुंबईत असा क्लब निघाला १८४६ साली, आणि १८७६ मध्ये त्याला ‘रॉयल’ हे बिरुद मिळाले. मुंबईचे बंदर, मुंबईचा वारा, आणि सभासदत्वाचे दार मात्र पुष्कळ वर्षे हिंदी माणसाला बंद, अशी ती शान होती. पुढे काळ पालटला. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, तेव्हा फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल जातीच्या होडीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. ही दोन नावे नोंदीत राहिली, आणि ती राहायलाच हवीत. त्या दिवशी निशाणाची दोरी कोणाच्या हातात होती, बोया कोणी टाकला, बचावाच्या बोटीत उन्हात कोण तळत बसले होते, हे शोधायला निघालात तर हाती काही लागणार नाही.

राखणदाराच्या कामाचा विचार आपल्याकडे साहेबापासून सुरू झाला, असे मात्र कोणी समजू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे इ. स. १७१५ च्या सुमारास, आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा, आरमाराच्या खर्चासाठी बंदराच्या जकातीवर विसंबू नये, कारण तसे केल्यास सावकारांना उपद्रव होऊन बंदरे ओस पडतील, असा त्यांचा हिशेब. आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत हे कलम शाळेच्या पुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक झाले आहे. मला त्याहून मोलाचे वाटते ते पावसाळ्याचे कलम. समुद्र खवळण्याची वाट न पाहता त्याआधी दहा-पंधरा दिवसच जहाजे बंदरात आणावीत, किल्ल्याच्या आसऱ्याला छावणी करावी, आगीची आणि चोरीची राखण ठेवावी, आणि छावणीच्या लोकांचा रयतेला काडीचा त्रास होऊ देऊ नये. ‘आधी दहा-पंधरा दिवस’ यातच सारी मख्खी आहे. वादळ आल्यावर होड्या ओढायला कोणीही धावतो. आभाळ निरभ्र असताना, समुद्र गुळगुळीत असताना, सर्वांची हौस भरात असताना जो ‘पुरे’ म्हणतो, त्याच्यासाठी अमात्यांनी हे कलम लिहिले.

आमच्या शाळेची सहल एका वर्षी हैदराबादला गेली. पांढरकवड्यावरून जाणारा महामार्ग सरळ तिकडेच जातो, त्यामुळे आम्हाला मुंबईपेक्षा हुसेनसागर जवळचा. कुतुबशाहीत सोळाव्या शतकात बांधलेला हा तलाव. त्यावर आता शिडाच्या होड्यांचा चांगला जम बसला आहे. त्या रविवारी पाण्यावर सात-आठ वर्षांपासून पंधरापर्यंतची मुले होती. प्रत्येक होडीत एकच मूल. होडी सव्वादोन मीटरची, टोकाला बोथट, चहाच्या खोक्याला शीड लावावे तशी. तिचे नाव ‘ऑप्टिमिस्ट’ म्हणजे आशावादी, आणि तिचा पहिला आराखडा अमेरिकेत फ्लोरिडात १९४७ साली झाला, हे मला मागाहून वाचनात मिळाले. आमची मुले काठावरून आरडाओरड करीत होती. मी मात्र एका धिप्पाड गृहस्थाकडे पाहत होतो. मोटारबोटीत उभा राहून, मांडीला वही टेकवून तो दर थोड्या वेळाने ओठ हलवीत होता. मुलांना वाटले, तो स्तोत्र म्हणतो आहे. मला ती ओठांची हालचाल चटकन ओळखू आली. कारण त्याच वेळी माझेही ओठ हलत होते. माझी बेचाळीस होती.

ज्या १९४७ साली तिकडे ती पोरांची होडी जन्मली, त्याच साली आपल्या किनाऱ्यावर जे घडले ते कुलाब्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी मरेपर्यंत विसरले नाही. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढी अमावस्या तोंडावर आली होती, आणि गावाकडे निघालेली माणसे ‘रामदास’ बोटीत भाऊच्या धक्क्यावर चढली. बोट रेवसला जायची होती, घटकाभराचा प्रवास. पाऊस आणि वारा यांचा जोर होता. वाटेत काशाच्या खडकाजवळ एका प्रचंड लाटेने बोट कलली, भिजू नये म्हणून माणसे एका बाजूला धावली, आणि बोट उलटली. सहाशेच्या वर माणसे गेली.

यातला जो भाग मला झोप येऊ देत नाही, तो बुडण्याच्या पुढचा आहे. बोट सकाळी गेली. तिच्यावर बिनतारी संच नव्हता. मुंबईला वाटले, ती रेवसला पोचली असेल. रेवसला वाटले, हवा वाईट म्हणून ती मुंबईहून सुटलीच नसेल. दोन्ही किनारे आपापल्या जागी निर्धास्त होते, आणि मध्ये माणसे फळ्यांना धरून तरंगत होती. त्यांना ज्यांनी काढले ते कोळी. आपापल्या कामाला निघालेले, कोणाच्या हुकुमाने आलेले नव्हेत. त्यांनी मचव्यांतले मासे समुद्रात टाकून माणसे भरली, असे त्या भागात आजही सांगतात. जगलेले किनाऱ्याला लागले तेव्हा कुठे, दिवस कलताना, मुंबईला बातमी समजली. इतक्या तासांत धक्क्यावर कोणी एक माणूस वही घेऊन बसला असता, आणि ‘रामदास पोचली का?’ एवढे तीन शब्द विचारणे त्याच्या कामात असते, तर किती वाचले असते याचे गणित मी करीत नाही. पण प्रश्न विचारणे हे कोणाचेच काम नव्हते, हे खरे.

काम नेमलेले असले म्हणजे सर्व सुरळीत होते असेही नाही. ऑस्ट्रेलियात १९४५ पासून नाताळच्या दुसऱ्या दिवशी सिडनीहून होबार्टपर्यंत शिडाची शर्यत होते. अंतर ६२८ सागरी मैल. १९९८ साली ११५ होड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी बासच्या सामुद्रधुनीत भयंकर वादळ उठले. सहा माणसे मेली, पाच होड्या बुडाल्या, पंचावन्न जणांना हेलिकॉप्टरांनी आणि जहाजांनी उचलले, आणि होबार्टला पोचल्या केवळ ४४ होड्या. या शर्यतीबरोबर ‘यंग एन्डेव्हर’ नावाचे जहाज चालत असे. त्यावर बिनतारी संचापाशी लू कार्टर आणि त्यांचे दोन सोबती होते, तिघेही स्वयंसेवक. ठरल्या वेळी ते एकेका होडीचे नाव वर्णानुक्रमाने पुकारीत, आणि ती होडी आपला ठावठिकाणा सांगे. वाचकहो, हे हजेरीपत्रक नव्हे तर काय! त्या दुपारी ‘सोर्ड ऑफ ओरायन’ या होडीने, पुढे वारा किती भयंकर आहे ते विचारल्याशिवाय सर्वांना ऐकवले, आणि ते ऐकून काही होड्या माघारी वळल्या. तिच्यावरचाच एक खलाशी त्या संध्याकाळी समुद्रात गेला. स्वतः वादळात हेलकावे खात, ‘हजर’ न येणारी नावे ते तिघे पुन्हा पुन्हा पुकारीत राहिले.

चौकशी झाली. २००० साली कॉरोनरने निवाडा दिला, त्यात शर्यतीच्या चालकांना चांगलेच खडसावले आहे: त्यांनी कारभार करायचा तो सोडून नुसते पाहत राहण्याची भूमिका घेतली, असा त्याचा आशय. शर्यतीच्या नियमांत पूर्वीपासून एक कलम आहे, की शर्यतीत उतरायचे की नाही, चालू ठेवायची की नाही, ही जबाबदारी त्या त्या होडीची. कलम वाजवी आहे. समुद्रावरच्या तांडेलाला किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा आपली होडी जास्त कळते. पण त्या कलमाआड लपता येते हेही खरे. पुढे तिथे नियम झाला, की सामुद्रधुनीत शिरण्याआधी ग्रीन केप या ठिकाणी प्रत्येक होडीने बिनतारीवरून सांगायचे: आमची होडी, आमची माणसे, आमची साधने पुढे जायला ठीक आहेत. न सांगता पुढे जाता येत नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. हुकूम तांडेलाचाच राहिला. फक्त तो मनातल्या मनात न देता मोठ्याने बोलून दाखवायचा, एवढेच वाढले. वर्गात पोरगे ‘समजले’ म्हणून मान डोलावते तेव्हा त्याला उभे करून सांगायला लावले की खरे काय ते कळते, तसेच हे.

आपल्याकडची एक गोष्ट याच संदर्भात सांगण्याजोगी आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या मनात होते, की एखाद्या भारतीयाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे तीत बसून मुंबईहून निघाले, आणि चार बंदरे घेऊन मे २०१० मध्ये परतले. ही प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यासाठी किनाऱ्यावरची धावपळ ज्यांनी केली, त्यांत अभिलाष टॉमी हा नौदलातला तरुण अधिकारी होता. तोच पुढे २०१२-१३ मध्ये त्याच होडीतून, कुठेही न थांबता, जग फिरून आला. आणि २०१८ साली गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्याची डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली, उठता येईना. खंडांचे किनारे हजारो किलोमीटर दूर. तरी तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्याला उचलले. कारण फ्रान्समध्ये आणि ऑस्ट्रेलियात कोणी तरी टेबलाशी बसून त्या होडीचा ठिपका पाहत होते, आणि त्याचे तुटक संदेश वाचत होते. किनाऱ्यावर राहिलेल्याला समुद्रावरच्याचे मोल कळते हे आपण ऐकतो. इथे एकाच माणसाने दोन्ही बाजू पाहिल्या.

आता घराकडे येऊ. समुद्र नसला तरी आम्हाला पाणी चुकलेले नाही. पैनगंगा, वर्धा, अरुणावती, पूस, अडाण, बेंबळा. उन्हाळ्यात यांच्या वाळूत चपला भाजतात आणि श्रावणात याच नद्या गावे वेढतात. २०२१ च्या सप्टेंबरात, १४ तारखेला, पलीकडच्या अमरावती जिल्ह्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून एकाच नातेगोत्यातली अकरा माणसे गेली. मृताचे दिवस करायला आलेली ती मंडळी. दोन आठवड्यांनी, २८ तारखेला, आमच्या उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर पुराचे पाणी पुलावरून वाहत असताना एस. टी. ची बस त्यात गेली आणि माणसे दगावली. असे काही झाले की आम्ही चालकाला, नावाड्याला बोल लावतो. मी त्या जागी एक दोरी आणि एक तांबडे-पांढरे फडके डोळ्यांसमोर आणतो. पुलाच्या तोंडाशी गावातलाच एक माणूस, पाळीने नेमलेला, आणि त्याने फडके वर केले की कलेक्टरची गाडीही थांबली पाहिजे, असा रिवाज.

असा रिवाज आमच्याकडे अजिबात नव्हता असे मात्र नाही. पैनगंगा ही एके काळी वऱ्हाड आणि निजामाचे राज्य यांची सीमा होती, आणि पूल होण्यापूर्वी तिच्या घाटांवर भोयांच्या नावा चालत. माझ्या आजोळच्या घाटावरच्या म्हाताऱ्या भोयाची गोष्ट माझी आजी सांगे. नावेत माणसे बसली की तो बांबूने एकेकाच्या खांद्याला शिवून मोजी, आणि पलीकडे उतरताना पुन्हा मोजी. मधल्या धारेत कोणी नाहीसे होणार आहे काय, म्हणून लोक हसत. एकदा ऐन लग्नसराईत, वळवाचा पाऊस वर कुठे तरी पडून गेलेला, आणि अलीकडे नवरदेवासकट सारे वऱ्हाड उभे. मुहूर्त पलीकडे. आभाळ स्वच्छ, नदी दिसायला नेहमीचीच. भोयाने हात बुडवून पाणी पाहिले आणि बांबू वाळूत रोवला.

“आज नाव नाई जात, पाटील. पानी लाल येऊन राह्यलं.”

पाटलांनी आवाज चढवला, मग रुपया दाखवला, मग दोन. वराच्या मामाने, तुझी नाव आम्हीच हाकतो, म्हणून पाहिले. भोई बांबूला टेकून बसून राहिला, आणि चिलीम पेटवीपर्यंत वरून पाण्याचा लोंढा आला. वऱ्हाड त्या रात्री काठावरच्या महादेवाच्या देवळात झोपले. पलीकडच्या मांडवातला स्वयंपाक पलीकडच्यांनी जेवून टाकला, आणि इकडे चुलीवर पिठले-भाकरी झाली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास पाणी उतरल्यावर त्याने त्यांना तीन खेपांत नेले. सत्तावीस माणसे आणि एक वाजंत्र्याचा ढोल, असा आकडा आजी शेवटपर्यंत सांगत असे.